स्लॅबखालची पंगत

साऱ्या नागपुरात माझ्या मोठ्या मामाइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला तरी वाटत नाही. भुताला, सापाला, पोलिसाला, साहेबाला भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. मामा यांतल्या कशालाच भीत नसत. त्यांना भीती वाटे ती छताची. भिंतीची, कमानीची, जिन्याची, गॅलरीची, पाण्याच्या टाकीची. थोडक्यात, माणसानं माणसाच्या डोक्यावर म्हणून जे जे उभं केलं आहे त्या सगळ्याची. आणि मामांचा धंदा कोणता, तर मिस्त्रीचा! मिसरूड फुटायच्या आधीपासून हातात थापी. अर्ध्या धरमपेठेच्या डोक्यावर यांनी स्लॅब घातले, आणि स्वतः मात्र इंदोऱ्यात कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात जन्म काढला. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "कवेलू पडलं तं डोक्याले खोक पडते. स्लॅब पडला तं खोक पाहाले डोकंच राहत नाही."

कोणाच्याही घरी गेले की मामा आधी चपला काढत, मग दाराच्या चौकटीवर तळवा टेकवत, मग भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून कान लावत, मग मान मागं टाकून छत न्याहाळत, आणि एवढं सगळं झाल्यावर घरच्या माणसांना जयभीम करत. बसायचे ते उंबरठ्यावरच. घर खाली आलं तर चौकट सगळ्यांत शेवटी येते, हे त्यांचं शास्त्र. घरातल्या बायाबापड्यांना त्यांच्या मांडीवरून ओलांडून ये-जा करावी लागे. माझी आई त्यांची धाकटी बहीण. तिच्या जिभेपुढे माझी जीभ म्हणजे काहीच नाही. ती करवादायची, "अंदर ये ना गा दादा! पोस्टमनासारखा दारात काहून बसते?" मामा वर बघत म्हणायचे, "अठीच बरा हाय. तू च्या आन."

एकदा आम्ही सगळ्यांनी हट्टानं त्यांना सिनेमाला नेलं. वर बाल्कनी आणि खाली आम्ही. नायिका रडायला लागली, आख्खं थिएटर हुंदके द्यायला लागलं, आणि मामा बाल्कनीच्या बुडाकडे बघत दरदरून घामेजले. मध्यंतराच्या आधीच उठून गेले ते बाहेर शेंगदाणेवाल्याजवळ उकिडवे बसून राहिले. खेळ सुटल्यावर आम्ही बाहेर आलो, तर प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "वाचले बाप्पा सगळे." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. आम्ही पोट धरधरून हसलो.

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. मुलाचं घर बघायला वडीलधारी म्हणून मामा गेले. मुलगा कारकून, निर्व्यसनी, दिसायला बरा. मामांनी मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बैठकीतल्या भिंतीवर पेर ठोकलं, कान लावला, पुन्हा जरा जोरात ठोकलं, आणि हातभर गिलावा निखळून थेट होणाऱ्या सासऱ्यांच्या चिवड्याच्या बशीत पडला. मामा शांतपणे म्हणाले, "पोरगं चांगलं हाये जी. पन ही भिंत दोन पावसाळे नाही काढत." लग्न झालं, हे सासऱ्यांचे उपकार. ती भिंत अजून उभी आहे. मामांनी ज्या ज्या भिंतींना मरणाची तारीख दिली, त्या सगळ्या ठणठणीत आहेत. मी एकदा हे त्यांच्या तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "म्या भेलो म्हून उभ्या हायेत, बाई." कपाळ माझं!

पण ही भीती मामा फुकट घालवत नसत; ती ते पोरांना शिकवत. त्या काळी मिस्त्रीच्या हाताखाली दोन-चार पोट्टे असायचेच. पहिलं वर्षभर नुसतं पाणी मारायचं, मग रेती चाळायची, मग सिमेंट-रेतीचा मसाला कालवायचा, मग विटा हातात द्यायच्या, आणि या सगळ्यात एखाद्या दिवशी मिस्त्री आपली थापी पुढे करून म्हणायचा, "लाव पाहू एक." अशीच पिढ्यान्‌पिढ्या माणसं शिकली. मामांची पोट्टे निवडायची रीत मात्र जगावेगळी होती. नवा पोरगा आला की ते त्याला पहिल्या मजल्याच्या अर्धवट भिंतीवर नेऊन उभं करत आणि विचारत, "भेव लागते का?" पोरगा छाती काढून "नाही" म्हणाला की मामा त्याला खाली उतरवत आणि घरी पाठवून देत. "ज्याले भेवच नाही, त्याले म्या शिकवू काय?" एक पोरगा वर गेल्या गेल्या भोकाड पसरून भिंतीलाच मिठी मारून बसला. त्याला मामांनी खांद्यावर बसवून खाली आणलं आणि त्याच दिवसापासून हाताखाली घेतलं.

आणि मग ती पंगत. स्लॅब टाकला की तो बरेच दिवस खालून फळ्यांवर आणि बल्ल्यांवर, म्हणजे उभ्या लाकडी टेकूंवर, तोललेला असतो. सिमेंट आवळलं की त्या बल्ल्या काढायच्या, आणि छत पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर उभं राहतं. त्या दिवशी मामा पोरांना बाहेर काढत, शेवटची बल्ली स्वतः ठोकून पाडत, आणि मग सगळ्यांना आत बोलावून त्याच छताखाली मधोमध शिदोरी सोडत. सगळ्यांत नव्या पोराची जागा मामांच्या उजव्या हाताला. घरमालकानं पेढे आणले तरी ते नंतर; आधी आपली भाजी-भाकर. "ज्याच्याखाली आपल्याच्यानं जेववत नाही, त्याच्याखाली दुसऱ्याचे लेकरं झोपवाचे कसे?" असं त्यांचं म्हणणं. जेवताना कोणी बोलायचं नाही. मामांचा घास धरलेला हात थरथरायचा, कान वर लागलेले असायचे. नवा पोरगा तो हात बघत बघत जेवायचा, आणि जन्मभर विसरायचा नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे खरी, पण पुढचं तसं सांगता येत नाही. माझा धाकटा भाऊ मिलिंद मॅट्रिकला गटांगळी खाऊन बसला. कापडाच्या मिलमध्ये नवी भरती बंद होती. आईनं त्याला अंघोळ घालून, तेल चोपडून मामांच्या साइटवर नेऊन उभं केलं. मामांनी भाचा म्हणून सूट दिली नाही. भिंतीवर चढवला, विचारलं, "भेव लागते का गा?" मिलिंद सतरा वर्षांचा. खाली रेती वाहणाऱ्या पोरी बघत होत्या. तो म्हणाला, "छट्! मले कायचं भेव?" मामांनी त्याला खाली उतरवलं आणि आईला म्हणाले, "घेऊन जाय."

आईनं त्यानंतर मामांशी बोलणं टाकलं. उंबरठ्यावर बसलेल्या मामांना ओलांडताना ती मुद्दाम पाय आपटायची. काही दिवसांनी मामांनाच राहवेना. "बरं, पाठव त्याले," म्हणाले. पण तोवर त्यांचा जुना ठेकेदार वारला होता आणि त्याचा मुलगा कारभार बघू लागला होता. आम्ही त्याला छोटे ठेकेदार म्हणायचो. गॉगल लावून स्कूटरवर यायचा, आणि स्कूटर बंदही न करता बोलायचा. त्यानं मामांना साफ सांगितलं, "मिस्त्री, तुम्ही या. पोट्टे आणू नका. मला बिल्डिंग उठवायची आहे, शाळा नाही चालवायची." शिकणारा पोरगा म्हणजे त्याच्या हिशेबी रिकामी मजुरी. त्यानं सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-बल्ल्या लावायला, बाहेरून तयार टोळी आणली, आणि कमी पडतील ते हात रोजंदारीवर भरले. त्यांतच मिलिंद लागला. एकाच इमारतीवर मामा विटा लावत होते आणि भाचा खाली ओझी वाहत होता. पण त्याच्या हाती थापी द्यायची मामांना मुभा नव्हती. मामांचे जुने पोट्टे तर केव्हाच पांगले होते. कोणी हिंगण्याला कारखान्यात लागला, कोणी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात खलाशी, म्हणजे मदतनीस, झाला. मामा म्हणायचे, "बरं झालं. तठी छत कंपनीचं हाये, कंपनी भेईन." पण म्हणताना आवाज पडायचा.

मे महिन्यात त्या इमारतीचा पहिला स्लॅब टाकला गेला. त्याला अजून आठवडाही झाला नसेल, तोच संध्याकाळी मामा आमच्या दारात आले. चौकटीला हात लावला नाही, भिंत ठोकली नाही, सरळ आत येऊन आईपुढे बसले. मामा म्हणाले, "छोटा ठेकेदार उद्याच बल्ल्या काढून राहिला. दुसऱ्या साइटवर पाहिजेत म्हणते. अन् काढाले कोनाले सांगितलं? नव्या पोट्ट्यायले. आपल्या मिलिंदाले." आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मामा म्हणाले, "छत कच्चं हाये, बाई. ते काम सगळ्यात शिकल्या मानसाचं असते. याले तं कोन्ती पहिले काढाची तेही मालूम नाही." मिलिंद कोपऱ्यातून हसला. "मामा, तुमाले तं सिनेमाचंही छत पडताना दिसते!" आणि खरंच की हो! ज्या माणसाचं एकही भाकीत कधी खरं झालं नाही, त्याच्या शब्दावर मजुरी सोडायची कशी? आम्ही जन्मभर त्या भीतीला हसलो होतो, आणि आता नेमकी कोणती भीती खरी मानायची तेच कळेना. मला रात्रभर डोळा लागला नाही.

मी मास्तरीण होते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून सकाळी आईनं मला डबा देऊन साइटवर पाठवलं. जाऊन बघते तर मामा, साऱ्या नागपुरातला सगळ्यांत भित्रा माणूस, त्या कच्च्या स्लॅबखाली मधोमध बसलेले. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, पुढ्यात फडकं पसरलेलं, त्यावर एक भाकर आणि कांदा. चहूकडे बल्ल्यांचं रान आणि वरून टपटप पाणी. बाहेर छोटे ठेकेदार स्कूटरवर.

"मिस्त्री, उठा. बल्ल्या काढायच्या आहेत."

"काढा ना जी. म्या कुठी धरून ठेवल्या? म्या तं जेवून राहिलो."

"सकाळपासून जेवताय?"

"दात पडले जी. टाइम लागते."

खाली माणूस बसलेला असताना बल्ली कोण काढणार? टोळीची माणसं बिडी पेटवून लांब उभी राहिली. ठेकेदारानं आरडाओरडा केला, मग समजावलं, मग शिव्या घातल्या, आणि शेवटी स्कूटर फिरवून निघून गेला. मामा जेवतच राहिले. दुसऱ्या दिवशीही जेवत होते. तिसऱ्या दिवशीही. मी रोज डबा पोचवायची, आणि दर वेळी बल्ल्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, वाकून आत जायची. मामा जागचे हलत नसत. रात्रीही तिथंच दुपट्टा अंथरून पडत. एकदा मी म्हटलं, "मामा, तुम्हालाच भीती वाटते आणि तुम्हीच याच्याखाली?" म्हणाले, "भेव लागते म्हून तं बसलो वं. नसतं लागलं तं घरी नसतो का झोपलो?"

रोजंदारीवरचे पोट्टे आधी हसले. पण मे महिन्यातलं नागपूर, आणि साऱ्या साइटवर गार जागा काय ती त्या ओल्या स्लॅबखाली. दुपारी एकेक जण कडेकडेनं सावलीला सरकू लागला. मिलिंद तेवढा लाजेनं लाल. "ताई, मामाले घरी ने ना वं. मले सारे चिडवून राहिले." तेव्हा मामांनीच त्याला हाक मारली. "ये गा शूर. त्या बल्लीले हात लाव. तू रोज तिले टेकून बिडी पेते ना, तिलेच. पाचर आवळ हाये का ढिली?"

बिडीचं गुपित असं फुटलं, म्हणून मिलिंद माझ्याकडे चोरून बघत पुढे गेला. त्यानं बुडाशी ठोकलेल्या लाकडी पाचरीला बोट लावलं, आणि पाचर सरळ त्याच्या हातात आली. बल्लीच्या खाली ठेवलेली वीट पाण्यानं भिजून मातीत खचली होती. ती बल्ली काहीच तोलत नव्हती. नुसती उभी होती. मिलिंदनं शेजारची पाहिली. तीही तशीच. त्यानं मान वर केली, आणि मी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला. त्याच्या जन्मात तो पहिल्यांदा छताकडे बघत होता.

मामांनी विचारलं, "भेव लागलं?"

"हाव, मामा," मिलिंद म्हणाला. "लय लागलं."

"मंग ये. बस अठी." मामांनी उजव्या हाताची जागा पुसून दिली.

आधी दोघांनी मिळून त्या बल्ल्यांखाली फळी सरकवून नव्या पाचरी ठोकल्या. आणि मग जी शाळा ठेकेदाराला चालवायची नव्हती, ती त्याच्याच स्लॅबखाली भरली. पाणी किती मारायचं, पाचर कशी आवळायची, बल्ल्या मधून सुरू करून कडेकडे कशा काढत न्यायच्या, ठोकल्यावर कोणता आवाज चांगला आणि कोणता वाईट, हे मामा दिवसभर सांगायचे. मिलिंद आणि त्याच्यामागं ते हसणारे पोट्टे सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाणी ओतायचे. छोटे ठेकेदार येत, बघत, दात-ओठ खात आणि जात. अखेर दोन आठवडे उलटल्यावर एके सकाळी मामांनी स्लॅबला खालून पेर ठोकलं, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "चाला. आज काढू." पोट्टे बाहेर. आत फक्त मामा आणि मिलिंद. एकेक बल्ली पडल्याचा धाड आवाज येत होता, आणि मी बाहेर त्या मोजत होते. पोटचं पोर असावं तसं ज्याला मी कडेवर वागवलं, तो त्या अंधारात होता. शेवटची बल्ली पडली. मग काहीच ऐकू येईना. मग मिलिंदनं बाहेर येऊन सांगितलं, "या सारे. जेवाले बोलावते मामा."

मीही बसले. वर कुठंतरी टक् झालं. सगळ्यांचे घास हातात राहिले. मामांनी डोळे मिटले. पुन्हा काही आवाज आला नाही. वर बसलेलं कबूतर उडून गेलं असेल. मामा म्हणाले, "जेवा." ठेकेदाराच्या बेतानं त्या पहिल्या दिवशी बल्ल्या काढल्या असत्या तर ते छत पडलं असतं का? कोणाला ठाऊक. मामांची भाकितं कधी खरी झाली नव्हती, हे तर मी सांगितलंच. इमारत आज आहे तिथंच आहे.

जेवण आटोपताच छोट्या ठेकेदारानं मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मिलिंदनं घमेलं तिथंच टाकलं आणि तो मामांच्या मागून चालू लागला. त्यानंतर मामांना मोठं काम कोणी दिलं नाही. कोणाचा ओटा, कोणाची मोरी, कोणाची कंपाउंडची भिंत, असं किरकोळ करत मामांनी त्याला शिकवलं. तो त्यांच्या हाताखालचा शेवटचा. त्या स्लॅबखाली जमलेले बाकीचे पोट्टे पुढच्या साइटवर गेले, आणि त्यांना पुढे कोणी काही शिकवलं की नाही, कळलं नाही. मामा आजारी पडले तेव्हा आम्ही त्यांना इस्पितळात न्यायचं म्हटलं. त्यांनी विचारलं, "कितवा मजला?" खालचा म्हटल्यावर म्हणाले, "मंग तं वरचे सारे माह्या अंगावर." ते आपल्या कवेलूच्या घरातच गेले. जाताना वर बघत होते.

परवा-परवा आम्ही मनीषनगरकडे प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या. मिस्त्री अर्थात मिलिंद. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसतात, आणि कोणाच्याही घरी गेला की तो आधी चौकटीला तळवा टेकवतो. बल्ल्या काढायच्या दिवशी त्यानं शेवटची बल्ली स्वतः पाडली आणि छताखाली फडकं अंथरून बसला. उजव्या हाताची जागा रिकामी. ठेकेदार पोट्टे ठेवू देत नाहीत, आणि पोट्ट्यांनाही तयार टोळीत भरती होऊन पहिल्याच महिन्यात मिस्त्री म्हणवून घ्यायचं असतं. मी त्याला म्हटलं, "अरे, एखादा तरी ठेव हाताखाली. तुझ्यामागं कोण?" तो फडक्यावर थाप मारून म्हणाला, "ताई, तू बस ना वं."

मी शाळामास्तरीण, या वयात, त्याच्या उजव्या हाताला मांडी घालून बसले. बाहेर सगळीकडे नव्या इमारती उठत होत्या. चहूकडे बल्ल्याच बल्ल्या, आणि त्यांच्या बुडाशी हसत-खिदळत पाचरी उपटणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं. मिलिंदनं घास हातात घेतला, कान वर लावले. त्याचा हात थरथरत होता.

"भेव लागते का?" त्यानं विचारलं.

"हाव रे," मी म्हटलं, आणि माझी नजर बाहेरच्या त्या पोरांवरून हलेना.

"जेव मंग," तो म्हणाला.